सुझॅना व्हाइटचे माहेर : फुलर की जॅक्सन?

1620 साली इंग्लंडहून ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीत आलेली सुझॅना व्हाइट आज असंख्य अमेरिकी घराण्यांच्या वंशावळीत मूळ पूर्वज म्हणून आढळते. तिच्या माहेरच्या आडनावाच्या जागी जुन्या वंशावळींत ‘फुलर’ असते, अलीकडच्या वंशावळींत ‘जॅक्सन’ असते आणि आंतरजालावर तर दोन्ही नावे एकाच वेळी फिरत असतात. आपले घराणे तिच्यापर्यंत नेऊ पाहणाऱ्याला या दोहोंतून एक निवडावे लागते, आणि ती निवड करताना कोणते नाव अधिक वेळा छापले गेले यापेक्षा ते कशाच्या आधारावर उभे आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

प्रश्न मुळात का निर्माण होतो, हे आधी पाहावे. आपल्याकडच्या कुलवृत्तान्तांत सुनेचे माहेर आवर्जून नोंदवलेले असते. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आणि प्युरिटनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे शुद्धीकरण मागणाऱ्या पंथाच्या, वसाहतींत मात्र विवाहित स्त्रीचा उल्लेख बहुधा पतीच्या नावानेच होई. सुझॅनाचा पती विल्यम व्हाइट फेब्रुवारी 1621 मध्ये वारला आणि त्याच वर्षी 12 मे रोजी तिने विधुर एडवर्ड विन्स्लो याच्याशी पुनर्विवाह केला. वसाहतीतील तो पहिला विवाह. तो धर्मगुरूंनी न लावता दंडाधिकाऱ्यांनी लावला, कारण ही मंडळी विवाहाला धार्मिक संस्कार न मानता दिवाणी करार मानत. वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी या विवाहाची दखल घेतली, प्रवाशांच्या यादीत विल्यम व्हाइट, त्याची पत्नी सुझॅना, मुलगा रिझॉल्व्हड आणि जहाजावर जन्मलेला पेरेग्रीन यांची नावेही लिहिली, पण तिचे माहेर लिहिले नाही.

फुलरच्या बाजूचा पुरावा दिसायला भक्कम आहे, कारण तो सरकारी दप्तरातला आहे. हॉलंडमधील लायडन शहरात 1612 साली विल्यम व्हाइट नावाच्या लोकर विंचरणाऱ्या कारागिराने अ‍ॅन फुलर हिच्याशी विवाह केल्याची नोंद सापडते. ही अ‍ॅन प्लिमथचे वैद्य सॅम्युएल फुलर यांची बहीण. मेफ्लॉवरच्या प्रवाशांपैकी बरेच जण लायडनहून आले होते आणि फुलर बंधूही त्याच जहाजावर होते. त्यामुळे जुन्या अभ्यासकांनी हाच तो विल्यम व्हाइट असे धरले आणि ‘अ‍ॅन’ हे ‘सुझॅना’चेच लघुरूप असल्याची पुस्ती जोडली. माझ्या मते या पुस्तीतच सारी अडचण उघडी पडते. नोंदीतील नाव आणि व्यक्तीचे नाव जुळत नसताना ते जुळवून घेण्यासाठी युक्तिवाद करावा लागत असेल, तर नोंद कितीही अस्सल असली तरी ती दुसऱ्याच कोणाची असण्याची शक्यता आधी तपासायला हवी. विल्यम व्हाइट हे त्या काळी अगदी सर्रास आढळणारे नाव होते, आणि लायडनच्या इंग्रजांतही या नावाची एकाहून अधिक माणसे होती.

जॅक्सनच्या बाजूचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. एडवर्ड विन्स्लो 1623 मध्ये कामानिमित्त इंग्लंडला आला असताना त्याने रॉबर्ट जॅक्सन नावाच्या गृहस्थांना ‘अंकल’ असे संबोधून पत्र लिहिले आणि त्यात आपल्या पत्नीची खुशाली, तिला झालेले मूल देवाने परत नेल्याची बातमी आणि ती पुन्हा गरोदर असल्याचे कळवले. विवाहाची नोंद येथे नाही. परंतु पत्र लिहिणारा तिचा नवरा आहे, ते तिच्या हयातीत लिहिलेले आहे आणि त्यातील मजकूर माहेरच्या माणसांना कळवावा असाच आहे. या धाग्यावरून पुढे इंग्लंडमधील दप्तरांचा शोध घेऊन 2017 साली ‘द अमेरिकन जिनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकात तीन संशोधकांनी सुझॅना ही नॉटिंगहॅमशायरमधील स्क्रूबीच्या रिचर्ड जॅक्सन यांची मुलगी असल्याचे मांडले. स्क्रूबी हे इंग्लंडच्या चर्चपासून फुटून निघालेल्या याच प्युरिटन मंडळीचे मूळ ठिकाण. रिचर्ड जॅक्सन यांचे नाव या मंडळीचे एक पुढारी विल्यम ब्रूस्टर यांच्या जोडीने तेथील धार्मिक खटल्यातही येते, म्हणजे नातेसंबंध, गाव आणि पंथ या तिन्ही गोष्टी एका दिशेने जातात. फुलरच्या बाजूला हे तिन्ही एकत्र येत नाहीत.

आज वंशावळ लिहिणाऱ्याने ‘जॅक्सन’ लिहावे, आणि ‘फुलर’ हे नाव टिपणात ‘पूर्वी मानले जाणारे’ म्हणून ठेवावे. ते पूर्ण पुसू नये, कारण जुनी पुस्तके चाळणाऱ्या पुढच्या पिढीला तेच नाव पुन्हा सापडेल आणि तीच चूक नव्याने होईल.

जनुकीय चाचणीने हा वाद निकालात निघेल का, असा प्रश्न बरेच जण विचारतात. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून मुलांकडे जातो आणि पुढे फक्त मुलींमार्फतच टिकतो. पेरेग्रीन आणि रिझॉल्व्हड यांचे वंशज कितीही असले तरी त्यांच्याकडून या बाबतीत काही मिळणार नाही. विन्स्लोपासून झालेल्या एलिझाबेथ या मुलीपासून आजपर्यंत अखंड मुलींची साखळी दाखवता आली तरच चाचणीला अर्थ आहे. त्यातही निकालाची तुलना करायला फुलर किंवा जॅक्सन घराण्यातील एखाद्या स्त्रीची तशीच साखळी लागेल. चाचणी एखादा दावा खोटा पाडू शकते, पण आडनाव सांगू शकत नाही. एवढ्यासाठी पैसे खर्चावेत असे मला वाटत नाही.

मृत्युपत्रांचा उपयोग अधिक होतो, विशेषतः बापाने ‘माझी मुलगी अमुक, न्यू इंग्लंडमधील तमुक हिची पत्नी’ असे लिहून ठेवले असेल तर. मात्र त्या काळच्या इंग्रजीत ‘सन’ हा शब्द जावयालाही आणि ‘कझिन’ पुतण्यालाही लावत, हे ध्यानात ठेवावे लागते. विवाहनोंदीतही धोका आहेच : विधवेच्या पुनर्विवाहात आधीच्या नवऱ्याचे आडनाव लिहिले जाई. प्लिमथचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची पत्नी कॅथरीन ही आधी जॉर्ज लेगट यांची पत्नी होती, तर तिचे माहेर व्हाइट होते.

छापील ग्रंथांत जेम्स सॅव्हेज यांचा 1860 ते 1862 मधील चार खंडांचा कोश, क्लॅरेन्स टॉरी यांची 1700 पूर्वीच्या विवाहांची सूची आणि रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांचा ‘ग्रेट मायग्रेशन’ हा प्रकल्प, असा क्रम लागतो. पहिला जुना, दुसरा केवळ वाट दाखवणारा, तिसरा पुरावा तपासणारा. वेळ कमी असेल तर तिसऱ्यापासूनच सुरुवात करावी. न्यूयॉर्कच्या गुस्ताव अँजू यांनी पैसे घेऊन बनवलेल्या वंशावळींत बनावट मृत्युपत्रे घुसवलेली आढळली आहेत, म्हणून अशा जुन्या खासगी छपाईच्या ग्रंथांवर मूळ कागद न पाहता विसंबू नये.

प्रत्येक प्रकरणात एक नाव निवडता येतेच असे नाही. ब्रूस्टर यांची पत्नी मेरी हिच्यासाठी वेंटवर्थ, वायरॉल आणि लव्ह अशी तीन नावे सुचवली गेली. ‘लव्ह’चा आधार काय, तर तिच्या एका मुलाचे नाव लव्ह होते, ज्याच्या भावंडांची नावे पेशन्स, फिअर आणि रेसलिंग अशी होती. सद्गुणांवरून मुलांची नावे ठेवणाऱ्या घरात हा आधार अगदीच पोकळ आहे. वेंटवर्थ हे स्क्रूबीच्या परिसरातले घराणे असल्याने तो तर्क त्या मानाने बरा, पण मेरी त्या घरातली मुलगी होती असे सांगणारा एकही समकालीन कागद त्याच्या पाठीशी नाही. सुझॅनाच्या बाबतीत पतीचे पत्र आहे, तसे येथे काही नाही. म्हणून मेरीचा रकाना मोकळा ठेवावा आणि ज्यांना वेंटवर्थ पटते त्यांनी ते नाव प्रश्नचिन्हासह टिपणात लिहावे.