फूटी की रग्बी? पश्चिम सिडनीतल्या आई-बाबांसाठी

फेब्रुवारीत शाळा सुरू झाल्या की आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर एखादी तरी नवी आई विचारतेच, "मुलगा रग्बी रग्बी करतोय, नाव कुठे घालू?" लगेच कुणीतरी उत्तर टाकतं, "जवळच्या क्लबात घाला, सगळं एकच." पहिल्या वर्षी माझाही हाच समज होता. पण सगळं एकच नाही. चेंडू तसाच लांबट, मैदानाच्या दोन टोकांना तेच उंच खांब, पण रग्बी लीग आणि रग्बी युनियन ही वाटण्या झालेली दोन घरं आहेत आणि त्यांची भाऊबंदकी अजून मिटलेली नाही. कुठल्या घरी जाता त्यावर मुलाचे मित्र ठरतात, तुमचा शनिवार ठरतो आणि कधी कधी शाळाही ठरते.

आधी शब्द नीट लावून घेऊ. सिडनीत नुसतं 'फूटी' म्हटलं की लीग आणि नुसतं 'रग्बी' म्हटलं की युनियन. मेलबर्नला 'फूटी' म्हणजे तिसराच खेळ, ऑस्ट्रेलियन रूल्स. तिथल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे घेत नाही.

खाड्याची भरपाई

ही वाटणी नियमांवरून झाली नाही, मजुरीवरून झाली. इंग्लंडच्या उत्तरेकडे गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणारे खेळाडू शनिवारी सामन्याला गेले की त्यांचा खाडा पडायचा. तिथले क्लब त्या खाड्याची भरपाई द्यायला तयार होते. लंडनकडच्या पदाधिकाऱ्यांना ते मान्य नव्हतं, कारण खेळ हौसेचा आणि पैसे घेतले की तो बाटला, अशी त्यांची धारणा. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे लीग झाली, जुनं घर म्हणजे युनियन. ज्यांच्या घरात कुणी गिरणगावात दिवस काढले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

सिडनीत हीच गोष्ट 1907 मध्ये घडली. अॅलेक्स बर्डन नावाच्या खेळाडूचा न्यू साउथ वेल्सकडून खेळताना खांदा दुखावला, कामधंदा बुडाला आणि युनियनच्या संघटनेने हात वर केले. त्या काळात मोठ्या सामन्यांना हजारो माणसं तिकीट काढून येत. म्हणजे पैसा होता, तो खेळाडूच्या वाट्याला येत नव्हता. पुढची हकीकत वाचताना क्रिकेटवेड्या मराठी माणसाला एक ओळखीचं नाव भेटतं, व्हिक्टर ट्रम्पर. त्याच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात नव्या संघटनेच्या बैठका झाल्या आणि न्यू साउथ वेल्स रग्बी लीगचा पहिला खजिनदार तोच झाला. डॅली मेसेंजर हा त्या वेळचा सगळ्यांत लाडका खेळाडू नव्या बाजूला आला. 1908 मध्ये स्पर्धा सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद साउथ सिडनीने घेतलं.

त्याच वर्षी युनियनच्या वॉलबीज या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाने लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं, आणि पुढच्याच वर्षी त्यातले बरेच जण लीगकडे गेले. पहिल्या महायुद्धात युनियनने स्पर्धा थांबवल्या, लीग चालू राहिली. क्वीन्सलँडमध्ये तर युनियन 1920 च्या दशकाच्या शेवटापर्यंत उभीच राहिली नाही. वर हा नियम, की लीगमध्ये एकदा खेळलास तर युनियनचं दार कायमचं बंद. ते दार 1995 मध्ये उघडलं, जेव्हा युनियननेही खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायचं ठरवलं. खाड्याच्या भरपाईवरून फुटलेलं घर बरोबर 100 वर्षांनी त्याच मुद्द्यावर कबूल झालं.

उपनगर की शाळा

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो फरक हा. लीग तुम्हाला उपनगराकडून मिळते, युनियन बहुतेक वेळा शाळेकडून.

लीग बालमेन, ग्लीब, न्यूटाउन अशा कामगारवस्त्यांत रुजली आणि शहर पश्चिमेला सरकत गेलं तशी बँक्सटाउन, पॅरामॅटा, पेन्रिथला गेली. पेन्रिथ पँथर्सने 2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदं जिंकली. त्या संघातले ब्रायन टोओ आणि जरोम लुआई हे माउंट ड्रुइट, सेंट मेरीज भागात वाढलेले. आपल्यातली कितीतरी घरं ब्लॅकटाउनच्या आसपास आहेत. म्हणजे आपली मुलं ज्या ट्रेनने जातात त्याच ट्रेनच्या रस्त्यावरची ही मुलं.

उपनगर म्हणजे नेमकं काय, ते साउथ सिडनीने दाखवलं. 1999 च्या हंगामानंतर या क्लबाला स्पर्धेतून काढून टाकलं. पुढच्या वर्षी हजारो लोक लाल-हिरव्या पट्ट्यांचे मफलर घालून सिडनीच्या रस्त्यावर मोर्चाने उतरले. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2002 मध्ये क्लब परत आला. एका खेळाच्या क्लबासाठी आजी-आजोबांसकट अख्खी वस्ती मोर्चाला येते, हे मला आजही हलवून टाकतं.

युनियनचा कणा म्हणजे जुन्या खासगी शाळा : किंग्ज, सेंट जोसेफ्स, न्यूइंग्टन, स्कॉट्स. या शाळांत शनिवारचा सामना हा शाळेचाच भाग असतो. पालक रांगेत उभे राहून टाळ्या वाजवतात, माजी विद्यार्थी पन्नाशीतही येतात. लीगवाले त्यांना 'रा-रा' म्हणून चिडवतात. गंमत अशी की किंग्ज स्कूल आपल्याच नॉर्थ पॅरामॅटात आहे. तिची हिरवीगार मैदानं आणि पॅरामॅटा ईल्स या लीग क्लबाचं स्टेडियम यांच्यात गाडीने काही मिनिटांचं अंतर आहे. पण अशा शाळांच्या वरच्या वर्गांची फी वर्षाला 40 हजार डॉलरच्या पुढे जाते, म्हणून ते अंतर काही मिनिटांचं राहत नाही.

पण रेषा इतकी सरळही नाही. मार्क, ग्लेन आणि गॅरी एला हे आदिवासी समाजातले तीन भाऊ ला पेरूझ वस्तीत वाढले, सरकारी शाळेत शिकले आणि वॉलबीजकडून खेळले. 1984 च्या ब्रिटन-आयर्लंड दौऱ्यात मार्कने चारही कसोटींत ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला. युनियन फक्त श्रीमंतांची, असं कुणी म्हणालं की मी एला बंधूंची गोष्ट सांगते. दुसरीकडे लीगमध्ये आर्थर बीटसन झाला. ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याही राष्ट्रीय संघाचा कर्णधार झालेला तो पहिला आदिवासी खेळाडू. 1980 मध्ये पहिल्या स्टेट ऑफ ओरिजिन सामन्यात, म्हणजे लीगच्या न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड लढतीत, क्वीन्सलँडचं नेतृत्व त्यानेच केलं. ओरिजिनच्या रात्री आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या खिडकीत एकच निळा उजेड दिसतो. युनियनमध्ये या रात्रीच्या तोडीचं काही नाही, हे युनियनवालेही खासगीत मान्य करतात.

मैदानात काय दिसतं

लीगमध्ये 13 खेळाडू, युनियनमध्ये 15. दोन्हींत 80 मिनिटं. लीग समजायला आपल्याला सोपी जाते, कारण तिचा हिशोब षटकासारखा आहे. चेंडू तुमच्याकडे असताना समोरच्यांनी सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. प्रत्येक वेळी पाडलेला मुलगा उठतो, चेंडू पायाशी ठेवतो आणि टाचेने मागे सरकवतो. बचावणारे दहा मीटर मागे धावतात आणि पुन्हा सुरू. रेफरीने 'हेल्ड' म्हटलं की थांबायचं. आमच्या मुलाचा पहिला सामना त्याच्या आजोबांनी पाहिला आणि मध्यंतराला म्हणाले, "ही तर कबड्डीच आहे, फक्त दम टिकवायचा सगळ्यांनी." तेवढ्यावर ते पुढचा सगळा हंगाम समजून घेत राहिले.

युनियनमध्ये पाडलं म्हणजे संपलं नाही, तिथून झटापट सुरू होते. पडलेल्याने चेंडू सोडायचा आणि दोन्ही बाजूंनी त्यावर हक्क सांगायचा. चेंडू बाहेर गेला की दोन रांगा उभ्या राहतात आणि एका खेळाडूला सोबती वर उचलतात, अगदी दहीहंडीच्या वरच्या थरासारखं. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ डोकी गुंतवून खरोखर ढकलाढकली होते. लीगमध्ये स्क्रम आता नावापुरता उरला आहे. त्यामुळे युनियनमध्ये शिट्ट्या जास्त वाजतात, नियम जास्त आहेत आणि पहिली दोन वर्षं पालकांना दंड कशाचा झाला ते कळत नाही. गुणही वेगळे. लीगमध्ये ट्रायचे 4 आणि पेनल्टी किकचे 2, युनियनमध्ये 5 आणि 3.

माझं मत विचाराल तर बघायला लीग वेगवान आहे. पण युनियनची एक गोष्ट मनापासून आवडते. तिथे सगळ्या अंगकाठ्यांना जागा आहे. रुंद मुलगा स्क्रमच्या पुढच्या रांगेत, उंच किडकिडीत मुलगा रांगेत वर उचलला जायला, लहानखुरा चपळ मुलगा स्क्रमच्या मागे चेंडू वाटायला. लीगमध्ये जवळपास सगळ्यांनाच सगळं करावं लागतं, आणि टॅकल करण्याचं, म्हणजे समोरच्याला पकडून पाडण्याचं, ओझं मोठं असतं. तुमचा मुलगा जाड आहे म्हणून शाळेत चिडवला जात असेल, तर युनियनचा प्रशिक्षक त्याला बघून खूश होईल. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

इजेची भीती

ही भीती खरी आहे आणि कुणी 'काही होत नाही' म्हणालं तर ऐकू नका. दोन्ही खेळांत डोक्याला मार लागू शकतो. दोन्हीकडे सगळ्यांत लहान गटांना टॅकल नसतं, कमरेच्या पट्ट्या ओढायच्या असतात. युनियनने 2024 पासून स्थानिक सामन्यांत छातीच्या मधल्या हाडाच्या वर टॅकल करायचं नाही, असा प्रयोग सुरू केला. क्लबात जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा : डोक्याला लागलं तर मुलाला बाहेर कोण काढतं, आणि परत कधी घेतात? उत्तर द्यायला प्रशिक्षक अडखळला तर दुसरा क्लब बघा, खेळ कुठलाही असो. आमच्या मुलाला दहाव्या वर्षी असं लागलं, तेव्हा मैदानावरच्या माणसाला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मीच त्याला बाहेर आणलं. तेव्हापासून हे दोन प्रश्न मी कुणालाही सांगते.

मुलींसाठी

मुलींच्या बाबतीत युनियनकडे एक मोठं आकर्षण आहे : सात-सात खेळाडूंचा छोटा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, आणि 2016 मध्ये रिओला महिलांचं पहिलंच सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाने जिंकलं. लीगची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 2018 पासून आहे आणि तिचे सामने टीव्हीवर दिसतात.

पुढचं जग

लीग आपल्या सिडनीत राजा आहे, पण तिचं जग छोटं आहे : इथला पूर्व किनारा, इंग्लंडचा उत्तर भाग, न्यूझीलंड, पापुआ न्यू गिनी, पॅसिफिक बेटं. युनियनचं जग मोठं. 2027 चा विश्वचषक ऑस्ट्रेलियातच होणार आहे. आणि उद्या घर परत भारतात गेलं तर तिथे रग्बी म्हणजे युनियनच. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या खेळली जाते आणि 2025 मध्ये मुंबईतच सातांची रग्बी प्रीमियर लीग झाली. तिच्या नावात 'लीग' असलं तरी खेळ युनियनचा होता, एवढं लक्षात ठेवा.

ऑस्ट्रेलियात मात्र युनियनचे दिवस कठीण आहेत. 1991 आणि 1999 ला विश्वचषक जिंकणारा संघ 2023 मध्ये पहिल्यांदाच गटातच बाद झाला आणि 2024 मध्ये मेलबर्न रेबेल्स संघ बंद पडला. तरी 2025 मध्ये लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ, आले तेव्हा मेलबर्नच्या कसोटीला 90 हजारांहून जास्त लोक होते. माणसं गेलेली नाहीत. आणि आता येणं-जाणं दोन्ही बाजूंनी आहे. जोसेफ सुआलीई लीगमधून युनियनमध्ये आला आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ट्विकेनहॅमला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला. म्हणून आठव्या वर्षी घेतलेला निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही.

मी काय केलं, आणि तुम्हाला काय सांगेन

आम्ही लीग घेतली. कारण साधं होतं : क्लब चालत जाण्यासारखा होता आणि गल्लीतली तीन मुलं तिथेच जात होती. त्यातली दोन सामोअन घरातली. पहिल्याच शनिवारी त्यांनी मला 'आंटी' म्हणून हाक मारली, कारण त्यांच्याकडेही मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत. या देशात आठ वर्षं राहून शेजाऱ्यांशी जे नातं जमलं नव्हतं ते त्या कॅन्टीनच्या काउंटरमागे, कांदे परतताना जमलं. लीग खेळणाऱ्यांत पॅसिफिक घरांची संख्या खूप मोठी आहे, आणि त्यांचं एकत्र कुटुंब, चर्चचं गाणं, आजीचा शब्द शेवटचा, हे सगळं आपल्याला परकं वाटत नाही.

माझ्या पुतण्याचं उलट झालं. तो शिष्यवृत्तीवर खासगी शाळेत गेला, शाळेत युनियन होती, तो युनियन खेळला आणि रमला. त्याला लीगला घाला असं मी कधीच म्हटलं नसतं. शाळेत जो खेळ आहे तो सोडून मुलाला शनिवारी दुसरीकडे ओढून नेणं म्हणजे त्याला दोन्ही घरी पाहुणा करणं.

म्हणून, मूल सरकारी किंवा साध्या कॅथलिक शाळेत असेल आणि तुम्ही पॅरामॅटापासून पेन्रिथपर्यंत कुठेही राहत असाल, तर लीग. शाळा युनियनची असेल, मुलाची अंगकाठी वेगळी असेल किंवा पाच-सात वर्षांत परत जायचा विचार असेल, तर युनियन. तिच्यासाठी पश्चिमेतही क्लब आहेत, टू ब्लूजसारखे जुने. सहा-सात वर्षांचं मूल असेल तर फार विचार करू नका. पळायला, पकडायला आणि पडून उठायला दोन्हीकडे सारखंच शिकवतात.

बूट मात्र आत्ताच घेऊन ठेवा. दोन्ही खेळांना तेच चालतात, आणि मार्च संपता संपता लहान मापं दुकानातून गायब होतात.