नंबरही आहे आणि ऊनही: फोटोक्रोमिक, पोलराइज्ड की साधा रंगवलेला गॉगल?

ज्याला नंबर नाही त्याचा प्रश्न एका गॉगलवर मिटतो. चष्मेवाल्यांना मात्र दुकानात तीन गोष्टी ऐकाव्या लागतात. उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा, नंबरचा पोलराइज्ड गॉगल, आणि तिसरा नंबरच्या साध्या काचा रंगवून केलेला गॉगल. तिसऱ्यात दुकानदाराला फारसं सुटत नाही, त्यामुळे तो बहुतेक वेळा आपल्यालाच विचारावा लागतो.

यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, मुद्दा आधी बाजूला काढू, कारण त्यावरून निवड ठरत नाही. यूव्ही अडवणं आणि प्रकाश कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पॉलिकार्बोनेटची (सहज न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची) किंवा १.६० इंडेक्सची (पातळ प्रकारची) काच अगदी पारदर्शक असली तरी ४०० नॅनोमीटरपर्यंतचे जवळपास सगळे यूव्ही किरण अडवते. साधी सीआर ३९ काच (नेहमीच्या चष्म्यांतलं प्लॅस्टिक) ४०० च्या जवळचे यूव्ही किरण काही प्रमाणात आत सोडते, म्हणून तिला वेगळी यूव्ही ट्रीटमेंट लागते. ऑर्डर देताना ‘यूव्ही ४००’ बिलावर लिहून घेतलं तर तिन्ही पर्याय सारख्याच पातळीवर येतात. दुकानात पेनासारख्या टॉर्चने कार्डावर निळा ठिपका पाडून दाखवतात, त्यावर विसंबू नका. तो प्रकाश बहुधा ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्हीच्या बाहेरचा असतो. घरीच पाहायचं असेल तर ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घ्या, टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये काच धरा आणि नोटेवरचे चमकणारे धागे विझतात का ते बघा. स्वस्तातला ३९५ चा टॉर्च इथे फसवतो, कारण त्याचा जांभळा उजेड चांगल्या काचेतूनही थोडा पार होतो.

आता फोटोक्रोमिक. एकच चष्मा, बदलाबदल नाही, हरवण्याची भीती नाही. ज्याचं दिवसभर आत-बाहेर चालू असतं आणि पायी फिरणं जास्त, त्याला यापेक्षा सोयीचं काही नाही, हे मान्य करायलाच हवं. बाहेर पडल्यावर मिनिटभरात काच बऱ्यापैकी गडद होते. आत आल्यावर उतरायला मात्र काही मिनिटं घेते. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना सगळे अंधुक दिसतात ते यामुळेच. दोन-तीन वर्षांनी काचेचा मूळ रंग किंचित पिवळट होतो आणि गडदपणाही घटतो.

उन्हाळ्यातली अडचण वेगळी आहे. काचेतले रेणू यूव्हीने गडद होतात आणि उष्णतेने परत उजळतात. म्हणून थंड हवेत, मनालीच्या बर्फात, ही काच काळीभोर होते आणि मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात अर्धवटच. जिथे सावली सर्वात जास्त हवी तिथेच ती कमी मिळते.

हेही चालवून घेता आलं असतं. माझ्या दृष्टीने निकाल लागला तो हेल्मेटच्या काचेवर. हेल्मेटचं वायझर पॉलिकार्बोनेटचं असतं आणि पॉलिकार्बोनेट यूव्ही अडवतं. यूव्ही आत आला नाही की फोटोक्रोमिक काचेला ऊन पडल्याचं कळतच नाही. वायझर खाली केलं की समोरून सूर्य आणि डोळ्यांवर पांढरी काच. वायझर वर केलं की काच काळी होते, पण धूळ, किडे आणि पुढच्या डंपरमधली वाळू डोळ्यात. सिग्नलला वर, सुटलं की खाली, असा खेळ रोज करायचा तर एवढे पैसे कशासाठी घातले, असं वाटतं. चारचाकीत हेच होतं. समोरची काच लॅमिनेटेड असते, ती यूव्ही जवळजवळ पूर्ण अडवते. दृश्य प्रकाशालाही प्रतिसाद देणारे महागडे प्रकार मिळतात, ते गाडीत थोडे गडद होतात, पण गॉगलची सर येत नाही आणि घरातही त्यांच्यावर हलकी छटा राहते.

म्हणजे डोळे धोक्यात आहेत असं नाही. वायझर आणि काच मिळून यूव्ही अडतोच आहे. त्रास झगमगाटाचा आहे, आणि गाडी चालवताना झगमगाट हाही सुरक्षेचाच प्रश्न असतो.

पोलराइज्ड गॉगलचं कौतुक खोटं नाही. पाणी, ओला डांबरी रस्ता, पुढच्या गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणारा प्रकाश तो वेचून काढतो. सूर्य तिरपा असताना, म्हणजे सकाळी आणि दुपार कलल्यावर, फरक लगेच जाणवतो. होडीवर काम असेल, मासेमारी असेल किंवा किनाऱ्यावर दिवस काढायचा असेल, तर पुढचं वाचण्याची गरज नाही, पोलराइज्डच घ्या.

रस्त्यावर मात्र तो कुरबुरी काढतो. स्कूटरचा डिजिटल मीटर, हँडलला लावलेला मोबाइल, पेट्रोल पंपावरचा आकडा यांपैकी एखादा विशिष्ट कोनात काळा पडतो. मोबाइल उभा धरला तर दिसतो, आडवा केला की नकाशा गायब, किंवा नेमकं उलट. पॉलिकार्बोनेटच्या वायझरमधून पाहिलं की इंद्रधनुषी डाग दिसतात, मोटारीच्या मागच्या काचेवर ठिपके उमटतात. घाटात आणखी एक गोष्ट लक्षात येते. रस्त्यावर सांडलेलं तेल किंवा ओल तिच्या चमकेमुळे लांबून कळते, आणि हा गॉगल तीच चमक पुसतो. घ्यायचाच असेल तर गॉगल डोळ्यावर लावून दुकानाबाहेर स्वतःच्या गाडीचा मीटर आणि स्वतःचा फोन पाहून मगच पैसे द्या. रिमलेस फ्रेम टाळा, कारण भोक पाडलेल्या जागी काचेतल्या पोलराइज्ड फिल्मचे थर सुटायला लागतात.

क्लिप-ऑनबद्दल, म्हणजे चष्म्यावर अडकवायच्या गडद काचांबद्दल, थोडक्यात: वर्षातून दोनदा सहलीला जाणाऱ्यांना ठीक. रोजच्या वापरात मूळ काचेवर चरे पडतात, दोन काचांमध्ये प्रतिबिंबं उमटतात आणि कडेची फट उघडीच राहते.

कडेची ही फट वाटते तितकी किरकोळ नाही. कानाच्या बाजूने तिरपा येणारा प्रकाश बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून वळतो आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतो. डोळ्यात वाढणारं मांस, डॉक्टर ज्याला टेरिजियम म्हणतात, ते बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूने का सुरू होतं, याचं एक स्पष्टीकरण हे आहे. शिवाय अँटिरिफ्लेक्शन (चमक घालवणाऱ्या) कोटिंगच्या काही काचा मागून आलेला यूव्ही डोळ्याकडे परतवतात, म्हणून गॉगलच्या काचेला आतल्या बाजूने यूव्हीसाठीचं कोटिंग मागावं. आणखी एक समज सोडायला हवा, की धोका फक्त भर दुपारी. मे महिन्यात मुंबई-पुण्याकडे सूर्य पार डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस येतात, तेव्हा कपाळ आणि भुवया डोळ्यांवर सावली धरतात. सकाळी आठ-दहाच्या आणि दुपारी दोन-चारच्या तिरप्या उन्हात डोळ्यात थेट जास्त जातं. रुंद काठाची टोपी डोळ्यांपर्यंत पोचणारा यूव्ही निम्म्यापर्यंत कमी करू शकते. गॉगल कुठलाही असो, पायी फिरताना टोपी हवीच.

हे सगळं मांडल्यावर माझा कल साध्या रंगवलेल्या गॉगलकडे झुकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तो वायझरमागे तसाच गडद राहतो, गाडीत राहतो, पंचेचाळीस अंशांतही राहतो, आणि मीटर कधी काळा पडत नाही. मोठी खोट म्हणजे बोगदा. कोस्टल रोडचा दोन किलोमीटरचा बोगदा असो की एक्सप्रेसवेवरचे, आत शिरण्याआधी गॉगल काढून चष्मा चढवावा लागतो, आणि दुचाकीला परवानगी असलेल्या इतर बोगद्यांत हेल्मेट घालून ते जमत नाही. म्हणून फार गडद रंग नको. अंधार पडल्यावर तर तो घालायचाच नाही, त्यामुळे साधा चष्मा सोबत ठेवावाच लागतो. ज्याला दोन चष्मे सांभाळण्याचा कंटाळा आहे त्याने फोटोक्रोमिकच घ्यावं, त्यात काही चूक नाही.

रंगवलेला घेणार असाल तर दुकानात इतकं सांगा. काच सीआर ३९, यूव्ही ट्रीटमेंटसह. ती गरम रंगाच्या द्रावणात बुडवून एकसारखी रंगते. पॉलिकार्बोनेट तितका रंग धरत नाही, रंग मुख्यतः वरच्या कोटिंगमध्येच बसतो. गडदपणा ८० टक्के मागा, म्हणजे २० टक्के प्रकाश आत येतो. ८५ समुद्रकिनाऱ्याला बरा, शहराला जास्त. करडा रंग सिग्नलचे रंग जसेच्या तसे दाखवतो, तपकिरी खड्डे जरा उठून दाखवतो. निळा फॅशनसाठी सोडून द्या. फ्रेम डोळ्याच्या हाडाजवळ बसणारी आणि रुंद काडीची निवडा, पण फार गोलाईची नको: नंबर तीन-चारच्या पुढे असेल तर वाकलेल्या काचेत कडेचं दृश्य ओढल्यासारखं दिसतं. घरातली जुनी फ्रेम चालते, फक्त ती प्लॅस्टिकची आणि वाळलेली असेल तर काच बसवताना गरम केल्यावर तडकू शकते, तेव्हा जोखीम कुणाची हे आधीच बोलून घ्या. गॉगल हातात आला की पांढऱ्या कागदावर दोन्ही काचा शेजारी धरून बघा. एक काच जराशी जरी फिकी असेल तर तिथेच परत करा, नंतर कुणी ऐकत नाही. आणि तो मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, एका उन्हाळ्यात कोटिंगला बारीक तडे जातात आणि मग काच कितीही पुसली तरी धूसरच दिसते.