चार महिने, ४८० किलोमीटर आणि एक चिखलाळलेली जोडी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ही ट्रेल रनिंगच्या, म्हणजे डोंगरवाटांवर धावायच्या बुटांची जोडी घेतली, आज घड्याळात ४८० किलोमीटर दिसतायत. निम्म्याहून जास्त पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, बाकी तळजाईची टेकडी, मुळशी आणि दोनदा सिंहगड. मॉडेल बंद झालंय म्हणून नाव लिहीत बसत नाही. तुम्हाला उपयोगी पडेल तो प्रकार: वर पातळ जाळी, वॉटरप्रूफ अस्तर नाही, तळाला साडेचार मिलिमीटरचे दात.

दुकानातला मुलगा वॉटरप्रूफच घ्या म्हणून मागे लागला होता. नाही घेतले, ते बरं झालं. टेकडीवर पाणी बुटात वरून शिरतं: ओल्या गवतातून, पोटरीवरून ओघळत, मोज्यातून झिरपत. अस्तर मग ते आतच धरून ठेवतं. माझ्या मैत्रिणीचे बूट तसले आहेत. जुलैतल्या एका रविवारी आम्ही १८ किलोमीटर धावलो आणि घरी येऊन दोघींचा एकेक बूट सासूबाईंच्या वजनकाट्यावर ठेवला. माझा कोरडा २७० ग्रॅम, आता ३९०. तिचा कोरडा ३२०, आता ५४०. (काटा भाजणीचा होता. त्यावर पुढे दोन दिवस बोलणी खाल्ली.)

त्याच दिवसाबद्दल आणखी थोडं. पहाटे पाचला निघालो तेव्हा फोन २३ अंश आणि ९६ टक्के आर्द्रता दाखवत होता. हवा गार लागते म्हणून नेहमीच्या वेगाने सुटलो, तिथेच चुकलं. अशा हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. नाडी नेहमीपेक्षा दहा-बारा ठोके वर. तेराव्या किलोमीटरला मी चक्क चालत होते. तेव्हापासून पावसाळ्यात लांब पल्ल्याला वेग बघत नाही, नाडी बघते, आणि बाटलीत साधं पाणी न भरता ओआरएस भरते.

आता पकड. मुरमाच्या उतारावर, लाल चिखलात बूट एकदम भरवशाचे. मुळशीकडे भातखाचरांच्या कडेने गेलो तेव्हा मात्र चिकण माती दातांमध्ये अशी गच्च बसली की तळ सपाट झाला. दर पाच मिनिटांनी दगडावर आपटून झाडायचं. आणि ओला कातळ! दातांना रुतायला माती लागते. शेवाळलेल्या बेसॉल्टवर नुसती टोकं टेकतात, रबर दगडाला धड लागतच नाही. ऑगस्टमध्ये खाणीजवळ सपशेल आडवी झाले, कोपर सोललं. साध्या रस्त्यावरच्या बुटात कदाचित पडलेही नसते. तिथे आता चालते, कोण हसेल ते हसो.

तक्रार एकच, पण मोठी. अडीच महिन्यांत उजव्या बुटाच्या टोकाशी तळ सुटला. थोडी चूक माझी, एकदा घाईत हेअर ड्रायर मारला होता. पण दुकानात उत्तर मिळालं, "मॅडम, पाण्यात वापरलेत, वॉरंटीत बसत नाही." ट्रेलचे बूट, पावसाळा, पुणे! शेवटी कोपऱ्यावरच्या चांभारकाकांनी साठ रुपयांत शिवून दिले, अजून टाका उसवलेला नाही. वाळवायला आता फक्त वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदलायचे, आणि पंखा.

मापाचं सांगते. नेहमीचा नंबर घेतला तर उतारावर बोटं पुढे आदळतात. सिंहगड उतरून आले तेव्हा अंगठ्याचं नख काळं झालं होतं, ते गेल्या आठवड्यात गळलं. अर्धा नंबर मोठा घ्या. सुती मोजे नकोत, ओले झाले की फोड ठरलेले. सिंथेटिक पातळ मोजे आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन, एवढ्यावर माझं भागतं.

टाचेचे दात आता निम्मे झिजलेत. डिसेंबरची मॅरेथॉन डांबरावर आहे, तिला हे नकोतच. पण टेकडी वाळून कडक होईपर्यंत अजून शंभरेक किलोमीटर काढतील असं वाटतं.