क्लॅम्पशिवाय पॅनल जोडायचं तर दाणेदार सरसच

अरुंद फळ्या कडेला कड लावून रुंद पॅनल करायचं म्हटलं की पहिला प्रश्न क्लॅम्पचा, म्हणजे फळ्या दाबून धरणाऱ्या शिकंज्यांचा. एका पॅनलला चार-पाच लांब क्लॅम्प लागतात आणि सांधा धरेपर्यंत ते तिथेच अडकून पडतात. जुन्या सुतारकामात यावर उत्तर होतं, गरम सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनवलेला, तापवून लावायचा चिकट पदार्थ. मी वापरतो तो १९२ ग्रॅम ताकदीचा, दाणेदार. ड्रॉवरचे तळ, पेट्यांची झाकणं, एका छोट्या टेबलाचा वरचा फळा, सगळं याच सरसावर जोडलंय. दोन-अडीच फुटांपर्यंतच्या पॅनलला मी दुसऱ्या कशालाही हात लावत नाही.

ताकदीच्या आकड्याबद्दल आधी सांगतो, कारण खरेदी करताना तिथेच गोंधळ उडतो. सरस थंड होऊन थिजला की त्याचा पृष्ठभाग ठरलेल्या खोलीपर्यंत दाबायला किती ग्रॅम वजन लागतं, तो हा आकडा. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं अजिबात नाही. २५१ चा सरस लवकर थिजतो, त्यामुळे फळ्या जागेवर आणायला वेळ कमी मिळतो. पॅनलसाठी १९२ च घ्या.

तयारी सोपी आहे. दाणे थंड पाण्यात भिजवायचे. मी वजनाने एकास दीडपट ते दुप्पट पाणी घेतो. दाणे फुगून मऊ झाले की भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून सरस साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा. उकळू द्यायचा नाही, जास्त उष्णतेने त्याची ताकद जाते. ब्रश उचलल्यावर अखंड धार पडून शेवटी थेंब सुटायला लागले, की सरस लावायला तयार.

खरं काम आहे कडांचं. दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून व्हाइसमध्ये (बाकाला बसवलेल्या शिकंज्यात) धरतो आणि दोन्ही कडांवर एकदमच लांब रंधा मारतो. रंधा किंचित तिरका चालला तरी फळ्या उघडल्यावर एकीचा तिरकेपणा दुसरीच्या तिरकेपणाने भरून निघतो आणि पॅनल सपाट येतं. क्लॅम्प लावणारे पुष्कळदा कडेच्या मध्यात मुद्दाम केसभर पोकळी ठेवतात. इथे ती चालत नाही, कारण ती मिटवायला बाहेरचा दाब नसतो. एक फळी दुसरीवर उभी ठेवून उजेडासमोर धरायची. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. सरस फट भरत नाही आणि भरेल अशी आशाही धरू नये.

मग मला सगळ्यात आवडणारा भाग. फळ्या आधी थोड्या कोमट करून घेतो, म्हणजे सरस लगेच थिजत नाही. खालची फळी व्हाइसमध्ये, कड वर. दोन्ही कडांना भरपूर सरस लावायचा आणि वरची फळी लांबीच्या दिशेने दोन-तीन इंच मागे-पुढे घासायची. सुरुवातीला ती सहज सरकते, जादा सरस दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. मग हाताला जडपणा लागतो, आणि पुढच्या एक-दोन हेलपाट्यांत फळी अडते. ती अडायच्या आत टोकं जुळलेली हवीत. त्यानंतर हात काढून घ्यायचा. आतली हवा आणि जादा सरस निघून गेलेला असतो, उरलेला पातळ थर थंड होताना फळ्यांना धरून ठेवतो आणि सुकताना आणखी आवळून घेतो. पॅनल भिंतीला पट्ट्यांच्या आधाराने उभं टेकवून ठेवतो, सांध्यावर वाकडा भार येणार नाही असं. तिसरी फळी जोडायची तर पहिला सांधा नीट धरल्यावरच. रंधा दुसऱ्या दिवशी.

पांढऱ्या डिंकानेही घासून सांधा करता येतो, पण तो असा चटकन धरत नाही आणि फळी हळूच घसरते. शिवाय असे डिंक बनवणारे मऊ लाकडालासुद्धा दर चौरस सेंटिमीटरला ७ ते १० किलो दाब सांगतात. क्लॅम्पऐवजी चिकटपट्टी ताणून लावली तरी तेवढा दाब येणं शक्य नाही. डिंकच वापरायचा असेल तर जाड पाटावर दोन समांतर पट्ट्या ठोका, मध्ये फळ्या ठेवा आणि एका बाजूने पाचरांची जोडी समोरासमोर सारा. पाचर बारीक उताराची असेल तर दाब पुष्कळ येतो. फळ्या उचलू नयेत म्हणून वर वजन ठेवा, खाली कागद घाला.

सरसाच्या मर्यादाही आहेत. लांब फळ्यांवर एका टोकाला ब्रश पोहोचेपर्यंत दुसरं टोक थिजतं, तिथे पाचरीच बऱ्या. ओल लागेल अशा जागी हा सांधा टिकत नाही. वास येतो, मला चालतो, घरच्यांना नाही. उरलेला सरस झाकून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर बुरशी धरते, आणि वारंवार तापवला तर कमजोर होतो. म्हणून एका वेळेपुरताच भिजवा.

वाया गेलेल्या तुकड्यांचा एक सांधा मी सुकल्यावर मुद्दाम हातोड्याने फोडला. लाकूड सांध्याच्या शेजारी फाटलं, सांध्यात नाही. उलट, जोड सोडवायचाच असेल तर ओलावा आणि उष्णता देऊन तो उघडतो, म्हणूनच व्हायोलिन बनवणारे अजून सरस वापरतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो ओलीसाठी. हाती धार लावलेला लांब रंधा नसेल, तर मात्र आधी तो घ्या, सरस नंतर.