ट्रम्पेटरचं १:२०० 'बिस्मार्क': मोठी युद्धनौका घरात बांधायची असेल तर

दुसऱ्या महायुद्धातल्या 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेचं ट्रम्पेटर कंपनीचं १:२०० प्रमाणातलं प्लास्टिकचं मॉडेल-किट माझं बांधून झालं, रंगही झाला. या आकाराचं किट घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते: घ्या. पण त्याआधी आपल्याला ही नौका कुठल्या दिवसाची बांधायची आहे ते ठरवा. तारीख ठरली की रंग, डेक, काय ठेवायचं, काय गाळायचं, सगळं आपोआप ठरत जातं.

माझी नोकरी माझगाव डॉकमध्ये गेली, हलच्या, म्हणजे जहाजाच्या मुख्य धडाच्या, ड्रॉइंगच्या टेबलावर. त्यामुळे कुठलंही जहाज समोर आलं की माझी नजर आधी पाण्याखालच्या भागावर जाते, तोफांवर नंतर. या किटची खरी किंमत मला तिथेच दिसली. हल एका साच्यातून एकसंध निघालेला आहे. खरी बिस्मार्क २५१ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद; म्हणजे आपल्या टेबलावर सव्वा मीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद. लहान प्रमाणाच्या बऱ्याच किटांत हलचे डावा-उजवा असे दोन भाग येतात. ते जोडा, सांधा भरा, घासा आणि एवढं करून कील, म्हणजे तळाचा लांब कणा, सरळ राहिली का ते बघत बसा. ते सगळं काम इथे वाचतं. खोक्यातून काढल्यावर मी हल साबणाच्या पाण्याने धुतला, उलटा ठेवला आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या स्टर्नपर्यंत कीलवरून काळा दोरा ताणला. लॉफ्टवर, म्हणजे गोदीत जहाजाचा आकार पूर्ण मापात आखायच्या जागी, लांब रेघ तपासायला तार ताणायचे, तीच ही पद्धत. दोऱ्याखाली कील कुठेही डावी-उजवीकडे गेलेली नव्हती. एवढ्या लांबीच्या प्लास्टिकला हे साधणं सोपं नाही.

नाळेचा आकार तर पुन्हा पुन्हा बघावा असा आहे. १४ फेब्रुवारी १९३९ ला हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉसच्या गोदीत बिस्मार्क पाण्यात उतरली तेव्हा तिची नाळ जवळजवळ उभी होती. अटलांटिकच्या लाटांचा विचार करून ती नंतर बदलली, तिरकी आणि वरच्या बाजूला फाकलेली केली. तो फ्लेअर, म्हणजे पाण्याच्या रेषेपासून डेकपर्यंत पत्रा बाहेर झुकत जातो ते वळण, साच्यात फार छान उतरलंय. बोट फिरवलं की कळतं. हल जवळजवळ संपूर्ण वेल्डिंगचा होता, त्यामुळे मी त्यावर रिव्हेट किंवा प्लेटच्या रेघा कोरण्याच्या भानगडीत पडले नाही. पोर्टहोल मात्र एकेक करून हातड्रिलने खोल केली. नुसता खळगा आणि आत अंधार असलेलं खरं भोक यांतला फरक या प्रमाणात लगेच दिसतो.

डेक चिकटवायच्या आधी दोन कामं उरकून घ्या. एक, स्टँडच्या पितळी पायांचे बोल्ट जिथे येणार तिथे आतून नट बसवून इपॉक्सीने पक्के करा. दोन, आतल्या बाजूने आडव्या लाकडी पट्ट्या द्या. एवढा लांब हल हातात धरला की बाजू दबतात आणि पुढे रंग तडकण्याची भीती राहते. डेक बसल्यावर यातलं काहीच करता येत नाही.

आता तारखेबद्दल. बाल्टिक समुद्रात असताना बिस्मार्कच्या दोन्ही बाजूंवर काळे-पांढरे तिरके पट्टे होते, दोन्ही टोकं गडद करडी आणि पुढे खोटी लाट रंगवलेली. जर्मन विमानांना ओळखता यावं म्हणून डेकवर पुढे-मागे स्वस्तिकाची मोठी चिन्हं होती. २१ मे १९४१ ला ती नॉर्वेत बर्गनजवळच्या ग्रिमस्टाड फ्योर्डमध्ये थांबली आणि तिथे पट्ट्यांवर करडा रंग चढला. त्याच दिवशी ब्रिटिश टेहळणी विमानाने तिचा फोटोही काढला. २४ मेच्या सकाळी डेन्मार्क सामुद्रधुनीत तिच्याशी लढताना ब्रिटिश युद्धनौका 'हूड' बुडाली तेव्हाची बिस्मार्क म्हणजे करडी नौका. २६ मेच्या संध्याकाळी ब्रिटिश विमानवाहू 'आर्क रॉयल'वरच्या स्वोर्डफिश विमानाचा टॉर्पेडो तिच्या मागच्या भागाला लागला आणि दोन्ही सुकाणू १२ अंश डावीकडे अडकले. २७ मेला बिस्मार्क बुडाली, सगळं संपलं. म्हणजे जेमतेम एका आठवड्यात एकाच जहाजाची तीन-चार रूपं. कुणाला पट्टे आवडतात म्हणून पट्टे रंगवायचे आणि शेजारी 'डेन्मार्क सामुद्रधुनी' अशी पाटी लावायची, हे मला पटत नाही.

मी २४ मे घेतला. त्या सकाळचे 'प्रिंत्स ऑयगेन' या तिच्यासोबतच्या जर्मन नौकेवरून काढलेले फोटो आहेत, त्यामुळे आधाराला काहीतरी हातात असतं. तरीही आधी मी पट्टे रंगवले आणि मग त्यांच्यावर करड्या रंगाचे पातळ हात दिले. घाईने रंगवलेल्या जहाजावर खालचं वरून किंचित डोकावतं, ते मला हवं होतं. पट्टे रंगवताना एक लक्षात ठेवा: ते हलवर थांबत नाहीत, वर सुपरस्ट्रक्चरवरही जातात. हल आणि वरचे मजले वेगवेगळे रंगवून नंतर जोडले तर पट्टा सांध्यावर तुटतो. त्यामुळे मजले न चिकटवता नुसते जागेवर ठेवायचे, टेप एकदाच खालपासून वरपर्यंत लावून पट्टा आखायचा, मग मजले काढून एकेक रंगवायचे.

पाण्याची रेषा आखायला हल टेबलावर लेव्हलमध्ये बसवला, लाकडाच्या ठोकळ्याला पेन्सिल बांधली आणि ठोकळा टेबलावरून भोवती फिरवला. रेघ आपोआप आडवी येते. खाली तांबडा, रेषेवर गडद पट्टा, वर करडा. रंगात थोडा पांढरा मिसळा. आपण मीटरभर अंतरावरून बघतो, म्हणजे या प्रमाणात २०० मीटरवरून बघितल्यासारखं झालं. डबीतला रंग जसाच्या तसा दिला तर जहाज काळवंडलेलं दिसतं.

जहाज ढकलणारे पाण्याखालचे पंखे तीन आहेत. खऱ्या पंख्याचा व्यास ४.७ मीटर होता, इथे साडेतेवीस मिलिमीटर. पितळी रंगावर तपकिरी तेलरंगाचा अगदी पातळ हात दिला की छान दिसतात. सुकाणू मी सरळ ठेवले, माझी तारीख २४ आहे म्हणून. २६ची रात्र बांधायची असेल तर दोन्ही सुकाणू १२ अंश डावीकडे लावा. बघणाऱ्याला कळो न कळो, आपल्याला माहीत असतं.

सर्वात जास्त वेळ खाल्ला कठड्यांनी, आणि सर्वात जास्त समाधानही त्यांनीच दिलं. मी वेगळा पितळी फोटोएच संच घेतला, म्हणजे रसायनाने कोरून काढलेले पातळ पत्र्याचे भाग. माणसाच्या कमरेच्या वर येणारा कठडा १:२०० ला जेमतेम साडेपाच मिलिमीटर उंच होतो. एक सेंटिमीटर जाडीची तार इथे ०.०५ मिलिमीटर व्हायला हवी, म्हणून प्लास्टिकचा कठडा या कामाचाच नाही. पट्टी काचेच्या तुकड्यावर ठेवून नव्या ब्लेडने कापायची. नाळेच्या वळणावर पितळ हट्ट करतं, उसळी मारून परत सरळ होतं. त्यासाठी ती पट्टी चिमट्यात धरून ज्योतीवर हलकी लाल होईपर्यंत तापवायची आणि आपली आपण निवू द्यायची. मग ती इतकी मऊ होते की बोटाने डेकच्या कडेवर टेकवली की वळणाबरोबर वळते. आधी रंगवून घ्या, मग चिकटवा. सुपरग्लू बाटलीतून कधीच लावायचा नाही. सुईच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि खांबाच्या पायथ्याशी टेकवायचा, तो आपोआप ओढला जातो. कोपऱ्यापासून सुरुवात करा, म्हणजे दोन पट्ट्यांचा जोड सरळ भागात येतो आणि लपतो.

लाकडी डेकचा संचही मागवला होता, पातळ लाकडाचा, मागे गोंद असलेला. कुणाचा ते लिहीत नाही. पुढच्या भागात खुंट्यांची भोकं मिलिमीटरभर सरकलेली निघाली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. शिवाय जुलैच्या हवेत त्याच्या कडा फुगायला लागल्या. शेवटी तो बाजूला ठेवला आणि किटचाच प्लास्टिकचा डेक रंगवला. आता वाटतं, झालं ते बरं झालं. फळ्यांच्या रेघा साच्यात पुरेशा बारीक आहेत. आधी सगळीकडे फिकट मातकट रंग, मग त्याच रंगाच्या तीन-चार छटा करून मधूनमधून एकेक फळी वेगळी रंगवायची, त्यावर तपकिरी तेलरंग पातळ करून पुसून काढायचा. डेकचे तुकडे जिथे जुळतात तिथे पुट्टी भरून फळ्यांच्या रेघा सुईने पुन्हा ओढाव्या लागतात. ते काम मन लावून करा, नाहीतर नजर नेमकी तिथेच जाते.

वरच्या भागात मला सर्वात प्रिय झाला तो फोरटॉपवरचा, म्हणजे पुढच्या मनोऱ्याच्या टोकावरचा, रेंजफाइंडर, अंतर मोजायचं यंत्र. खऱ्या यंत्राचा पाया १०.५ मीटर, म्हणजे इथे ५२ मिलिमीटरच्या वर, आणि त्याच्या तोंडावर गादीसारखी रडारची चौकट. हा भाग जोडताना एक गोष्ट माझ्या मनात सारखी होती: २३ मेच्या संध्याकाळी आपल्याच तोफांच्या धक्क्याने बिस्मार्कचं पुढचं रडार बंद पडलं आणि 'प्रिंत्स ऑयगेन'ला पुढे घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढे का होती याचं कारण या चौकटीत आहे. तसंच मधल्या कॅटापल्टचं, म्हणजे विमान फेकून उडवणाऱ्या रुळांच्या यंत्राचं. एका आराडो विमानाच्या पंखांचा पसारा १२.४ मीटर, म्हणजे इथे ६२ मिलिमीटर. २७ मेच्या पहाटे जहाजाची युद्धनोंदवही घेऊन एक विमान पाठवायचं ठरलं आणि तेव्हा कळलं की कॅटापल्ट निकामी झालंय. विमान गेलं नाही. एवढा इतिहास माहीत असला की त्या रुळांवरची एक वाकडी पट्टीसुद्धा खपवून घ्यावीशी वाटत नाही.

मोठ्या तोफांच्या नळ्यांची तोंडं ३८ सेंटिमीटरची, म्हणजे १.९ मिलिमीटर. आँतोन, ब्रूनो, त्सेझार, डोरा ही चार टरेट, म्हणजे तोफांचे बुरूज, मी फिरती ठेवली आणि २४ तारखेच्या हिशेबाने डावीकडे वळवली. दुय्यम तोफा आणि विमानविरोधी तोफा भरपूर आहेत, पण त्यांचं काम एकसारखं आणि सोपं. रोज थोड्या करत गेलं की संपतात.

मुंबई-ठाण्याकडच्या लोकांसाठी हवेबद्दल सांगायलाच हवं. पावसाळ्यात लॅकर थिनरचा रंग फवारला की वर पांढुरकी बुरशी आल्यासारखा धुरकटपणा येतो. हवेतलं बाष्प थंड होणाऱ्या रंगावर बसतं म्हणून असं होतं. माझ्याकडे एसी नाही, त्यामुळे फवारणीची सगळी कामं दसऱ्यानंतर ठेवली आणि जून ते सप्टेंबर नुसतं कापणं, घासणं, जोडणं केलं. सुपरग्लूला मात्र बाष्पच लागतं. पावसात तो झटकन धरतो, म्हणून कठड्यांचं काम तेव्हाच उरकलं. कंप्रेसरला पाणी धरणारा फिल्टर नसेल तर आधी तो घ्या. स्प्रेचे प्राइमर डबे विमानाने येत नाहीत, त्यामुळे परदेशातून मागवायच्या नादाला लागू नका. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा प्राइमर चालतो, पण आधी स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, दांडीवर मारून बघा. काहींचं थिनर जास्त कडक असतं आणि प्लास्टिक खातं. अँटेनाच्या ताराही त्याच दांडीतून होतात: मेणबत्तीवर धरून मऊ करायची आणि ओढायची, केसासारखी तार निघते.

खर्च पाच आकड्यांत जातो, त्यात कस्टम ड्यूटी वेगळी. कठडे, रंग, ब्लेडं, टेप धरली की किटच्या निम्म्याहून जास्त रक्कम वर लागते. पहिलंच जहाज म्हणून हे घेऊ नका. आधी १:७०० किंवा १:३५० चं एखादं पूर्ण करा, त्यात फोटोएचचा हात बसतो. पण ज्यांनी ती दोन-तीन बांधली आहेत आणि ज्यांना एका जहाजाबरोबर वर्ष काढायची इच्छा आहे त्यांनी हे जरूर घ्यावं. इथे प्रत्येक वस्तू एवढी मोठी आहे की ती बांधावीच लागते, नुसती सुचवून भागत नाही. आणि बांधता बांधता त्या जहाजावरची माणसं कुठे उभी असतील हे समजायला लागतं. 'हूड'वर १४१८ जण होते, तीन वाचले. बिस्मार्कवर सुमारे २२००, त्यातले शंभराहून थोडे अधिक. पावणेनऊ मिलिमीटरचा माणूस मी एकदा डेकवर ठेवून बघितला आणि काढून घेतला. बाकीचे सगळे ठेवायचे असतील तरच त्याला ठेवायचं, असं ठरवलंय. बघू पुढे.

मागवताना विक्रेत्याला हलचा खोक्यातला फोटो आधी मागा आणि मगच पैसे भरा; लांब खोकं कुरिअरमध्ये मधून दुमडलं तर हल बदलून मिळणं अवघड असतं. तयार मॉडेल ठेवायची पारदर्शक पेटी अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड करणाऱ्याकडून करून घ्या, मॉडेलच्या दुकानात शोधू नका. दीड मीटरला ३ मिलिमीटरची शीट मधून झुकते, म्हणून ५ मिलिमीटरची सांगा आणि उंची मास्टच्या टोकाच्या वर चार बोटं जास्त धरा.