‘स्टीअरिंग द क्राफ्ट’ : मराठीत कथा लिहिणाऱ्याने हे पुस्तक कसं वापरावं

कथालेखनाच्या या पुस्तकावर अर्सुला ल ग्विन या अमेरिकी विज्ञानकथा-लेखिकेचं नाव पाहून ड्रॅगन कसा रचावा, परग्रहाचा नकाशा कसा आखावा असं काही शोधायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. ‘अर्थसी’ या कादंबरीमालेतली बेटं आणि ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीतला (१९६९) गोठलेला ग्रह उभा करणाऱ्या बाई इथे बोलतात त्या विरामचिन्हं, विशेषणं, काळ आणि दृष्टिकोन यांवर. कार्यशाळेतून तयार झालेलं हे पुस्तक १९९८मध्ये आलं. २०१५च्या आवृत्तीत त्यांनी बरंच बदललं आणि ऑनलाइन जमणाऱ्या गटांसाठीही सूचना घातल्या, तेव्हा घ्यायची तर हीच आवृत्ती घ्या. जेमतेम दीडशे पानं आणि दहा प्रकरणं. प्रत्येकात थोडं विवेचन, जुन्या कथा-कादंबऱ्यांतले उतारे आणि मग स्वाध्याय.

सगळी किंमत वसूल होते ती स्वाध्यायांतून. नुसतं वाचून ठेवलं तर पुस्तक दोन दिवसांत संपतं आणि तिसऱ्या दिवशी विसरतं. मात्र स्वाध्याय इंग्रजी वाक्यासाठी बेतलेले आहेत. मराठीत जसेच्या तसे केले तर काही फारच सोपे पडतात, काही उगाच अडवतात.

दुसऱ्या प्रकरणातला घ्या. १५० ते ३५० शब्दांचा प्रसंग, एकही विरामचिन्ह नाही, परिच्छेद नाही. विषय गडबड-गोंधळाचा असावा असं त्या सुचवतात. एसटीच्या दारातली झुंबड चालेल. इंग्रजीत याने वाचणाऱ्याची दमछाक होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘होता’, ‘गेली’, ‘म्हणाला’ हेच पूर्णविरामाचं काम करतात आणि स्वाध्याय आपोआप सुटतो. खरी कसोटी हवी असेल तर जोडीला एक अट घाला: लागोपाठ दोन वाक्यं ‘होता-होती-होतं’वर संपवायची नाहीत. तिसऱ्या प्रकरणात सात किंवा त्याहून कमी शब्दांची वाक्यं मागितली आहेत. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, सात शब्दांत भरपूर मावतं, म्हणून मर्यादा पाचावर आणा. त्याच प्रकरणातलं ३५० शब्दांपर्यंतचं एकच वाक्य लिहिताना ‘उठून, जाऊन, बघून, येऊन’ अशी आगगाडी होते. ‘ऊन’ तीनदाच वापरायची मुभा ठेवा, मग ‘जेव्हा-तेव्हा’, ‘ज्याने-त्याने’ यांच्याकडे वळावंच लागतं.

पाचव्या प्रकरणातला स्वाध्याय सर्वांत कडक: २०० ते ३५० शब्दांचं वर्णन, विशेषण नाही, क्रियाविशेषण नाही, संवादही नाही. ‘अंधाऱ्या, ओलसर गुहेत थकलेला रोबो हळूहळू सरकत होता’ हे चालणार नाही. मग: ‘गुहेत अंधार होता. भिंतींना ओल होती. रोबो सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा.’ यातला ‘पुन्हा’ही क्रियाविशेषणच, म्हणजे इथेही नापास. आणि ‘थकलेला’, ‘चमकणारं’, ‘गंजलेली’ ही धातुसाधितं, म्हणजे क्रियापदांपासून झालेली रूपं, मराठी लेखकाला विशेषणं वाटतच नाहीत. पहिल्या खर्ड्यात तीच निसटतात. लिहून झाल्यावर फक्त ‘-लेला’ आणि ‘-णारा’ शोधत एक फेरी मारा.

सहाव्यात एक म्हातारी काम करते आहे आणि तरुणपणीचं काही आठवते आहे. तेच पान काळ बदलून दोनदा लिहायचं. वर्तमानकाळ म्हणजे विजेरीचा अरुंद झोत, आजूबाजूचं फारसं दिसत नाही, हे बाईंचं निरीक्षण मराठीलाही लागू पडतं. पण आपल्याकडे ‘ती विहिरीवर गेली’ आणि ‘ती विहिरीवर जायची’ यांत अख्खं आयुष्य बदलतं. आठवण एकदा ‘-आयची’मध्ये लिहून पाहा, दोनाचे तीन करा.

वेळ कमी असेल तर थेट सातवं आणि आठवं उघडा. एकच प्रसंग आधी दोन वेगवेगळ्या पात्रांच्या नजरेतून, मग तटस्थ निवेदकाकडून, मग काठावरच्या साक्षीदाराकडून, शेवटी सर्वज्ञ लेखकाच्या आवाजात. मराठी कथांमध्ये दृष्टिकोन घसरतो तो बहुतेक वेळा एका प्रत्ययामुळे. ‘आर्यनने खिडकीतून मंगळाकडे पाहिलं. आता परत जाणं नाही, हे त्याला कळलं. मीराला त्याची कीव आली.’ तिसऱ्या वाक्यातल्या ‘मीराला’ने आपण नकळत दुसऱ्या डोक्यात शिरलो. ‘मीराने नजर वळवली’ लिहिलं की कॅमेरा आर्यनपाशीच राहतो. ‘वाटलं, आठवलं, कळलं, आवडलं’ यांच्या मागे कोणाला ‘ला’ लागलाय ते तपासणं ही विज्ञानकथेची निम्मी दुरुस्ती आहे.

उरलेली निम्मी नवव्या प्रकरणात. माहितीचा गोळा कथेत कसा विरघळवायचा, हा इथला प्रश्न. प्रोफेसर पुतण्याला दोन पानं कृष्णविवर समजावतात आणि पुतण्या ‘म्हणजे काका...?’ विचारत राहतो, त्या जातीच्या कथांवर हा इलाज आहे. स्वाध्यायात आधी निव्वळ ‘अ’ आणि ‘ब’चा संवाद, कंसात सूचनासुद्धा नाहीत. पुढे पात्र अजिबात न दाखवता केवळ त्याच्या खोलीच्या वर्णनातून ते उभं करायचं. दहाव्यात आपलाच लांब मजकूर घेऊन शब्दसंख्या बरोबर निम्मी करायची. सारांश करून चालत नाही, कथा तीच उरली पाहिजे.

कमतरता आहेत. व्याकरणाचं प्रकरण इंग्रजीपुरतं, चाळून पुढे गेलात तरी चालेल. उतारे ऑस्टिन, डिकन्स, वूल्फ यांचे. लांबलचक, जुन्या वळणाचे, आणि इंग्रजी अडखळत वाचणाऱ्याला तिथेच धाप लागेल. ते मोठ्याने वाचा, त्या निवडल्यात कानासाठी. कथानक कसं बांधावं याबद्दल जवळजवळ काहीच नाही, कारण कथा म्हणजे संघर्षच, हे बाईंना मान्य नाही. ते पटो न पटो, कथानकासाठी दुसरीकडे जावं लागेल. त्यांचं जगणं, म्हातारपण, मांजर यांविषयी वाचायचं असेल तर २०१७चं ‘नो टाइम टु स्पेअर’ घ्या. या पुस्तकात त्या स्वतःबद्दल फारशा बोलतच नाहीत.

परिशिष्ट मात्र सोडू नका. चार-सहा लिहिणारे एकत्र जमत असाल तर त्यातला एक नियम छापून भिंतीवर लावा: ज्याच्या कथेवर चर्चा चालू आहे त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. ‘माझा उद्देश असा होता की...’ हे वाक्य वाचकाला पुस्तकासोबत मिळत नसतं, मग गटालाही कशाला ऐकवायचं?