कैरी-कांद्याचा तक्कू की अंजीर-कांद्याची चटणी?

मंडईत कैऱ्या आल्या की तक्कू आलाच. कैरी आणि कांदा किसायचा, गूळ, तिखट, मीठ घालायचं, वरून हिंग-मोहरी-मेथीची फोडणी. झालं! पण कांद्याला पाणी सुटतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवूनही २-३ दिवसांत संपवावा. (उरतो कुठे म्हणा.)

पुरंदरच्या अंजिरांची चटणी सबुरीचं काम. पाव किलो कांदे उभे चिरून मंद आचेवर तांबूस होईस्तोवर परतायचे. इथे घाई केली तर चटणीला उग्र वास राहतो. मग अर्धा किलो अंजीर, १०० ग्रॅम गूळ, अर्धी वाटी व्हिनेगर, आलं, मिरी घालून घट्ट आटवायची. व्हिनेगर आणि गुळामुळे ती फ्रिजमध्ये आरामात तक्कूपेक्षा जास्त टिकते. चीज-टोस्टवर झकास. थालीपिठाशी मात्र मला तक्कूच हवा.